काचेतलं न हलणारं पाणी

चार्जमनला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काहीतरी गोडधोड निघेल म्हणून कुणी वाट बघत बसू नये. तो वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचा होता, तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत असे, पण लिहिताना माझा हात तसा वळत नाही. एवढा तरी हक्क मला आहे.

ठाकुर्लीच्या पुढे, खाडीच्या बाजूला, एक मोठा कारखाना होता. मेन लाइनवरून कोळशाच्या वाघिणी आत ओढून आणायला कारखान्याचं स्वतःचं एक छोटं वाफेचं इंजिन होतं. बाबा त्या इंजिनावर फायरमन होते. आग सांभाळायची आणि बॉयलरमधल्या पाण्यावर लक्ष ठेवायचं, एवढं काम. ऐकायला एवढंच वाटतं. पण बॉयलरच्या आत डोकावता येत नाही, त्यामुळे पाणी किती आहे हे कळायला बाहेर एक उभी काच लावलेली असते, वर एक कॉक, खाली एक कॉक. दोन्ही उघडे असले की आत जेवढं पाणी तेवढंच काचेत दिसतं. खालचा कॉक बंद राहिला, तर काचेत जे पाणी अडकलं ते तिथेच अडकून राहतं. आत पाणी संपत चाललेलं असतं आणि बाहेर काच अर्धी भरलेली दिसते.

अशा वेळी बॉयलर फुटू नये म्हणून आगीच्या डोक्यावर शिशाचा एक प्लग असतो. पाणी त्याच्या खाली गेलं की शिसं वितळतं, वाफ आणि पाणी खाली आगीवर पडतं आणि आग विझते. इंजिन वाचतं. फायरमनची मात्र वाट लागते, कारण शिसं वितळलं याचा अर्थ फायरमनने पाण्याकडे बघितलं नाही. या धंद्यात त्याहून वाईट बोलण्यासारखं काही नाही.

मी बारावीत होते तेव्हा बाबांचं शिसं वितळलं.

त्या संध्याकाळी ते घरी आले ते मनगटापासून कोपरापर्यंत भाजून. आई तूप लावत होती आणि ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होते. सकाळी खालचा कॉक ठिबकत होता. इंजिनाच्या दुरुस्तीवर देखरेख करणाऱ्या चार्जमनने येऊन त्याचा नट आवळला. नट आवळताना पान्याच्या आड मूठ येते, म्हणून मूठ काढून ठेवली आणि परत बसवताना ती उलटी, म्हणजे पाव फेरा चुकवून, बसवली. मूठ खाली म्हणजे कॉक उघडा, मूठ आडवी म्हणजे बंद. मूठ खाली दिसत होती, पण आतला कॉक बंदच होता. "त्यानंतर मी काच फुंकलेली," बाबा म्हणाले. काच फुंकणं म्हणजे काचेच्या तळाशी वेगळी तोटी असते ती उघडून काच रिकामी करायची आणि पाणी परत वर येतंय का ते बघायचं. प्रत्येक फायरमनने इंजिनावर चढल्या चढल्या पहिलं हेच करायचं असतं. "मी फुंकलेली. आग विझल्यावर मी स्वतः बघितलं, मूठ उलटी होती. संध्याकाळी साहेब आले तेव्हा मूठ सरळ."

चौकशीत चार्जमनने सांगितलं की कॉक ठीक होता आणि फायरमनने काच फुंकलीच नव्हती. त्याचं ऐकलं गेलं. तो चार्जमन होता, बाबा फायरमन होते, आणि मूठ सरळ होती.

बाबांना इंजिनावरून काढून गेटवर बसवलं. सायडिंगच्या, म्हणजे कारखान्यात जाणाऱ्या रुळांच्या, फाटकावर. म्हणजे ज्या इंजिनावर ते बारा वर्षं उभे होते, तेच इंजिन दिवसातून चार वेळा समोरून जाणार आणि बाबा त्याला हिरवा झेंडा दाखवणार. ही शिक्षा ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचं डोकं मला बघायला आवडलं असतं. आमच्या चाळीत नळावर बायका पाण्यावरून भांडत, तेव्हा एखादी हमखास म्हणे, "तुमच्या घरच्यांना पाण्याचं काय कळतंय?" आईने दोन वर्षांनी त्या नळावर जाणंच बंद केलं. मीच पाणी भरायचे, आणि प्रत्येक हंड्याबरोबर चार्जमनला एक शिवी घालायचे. कॉलेजात मी केमिस्ट्री घेतली तेव्हा घरात कुणी कारण विचारलं नाही.

पुढे मला डोंबिवलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये रंग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत केमिस्टची नोकरी लागली. लग्न होऊन मी ठाण्याला वर्तकनगरला आले. बाबा डोंबिवलीलाच राहिले, भावाकडे. कारखाना ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बंद पडला आणि इंजिन आवारात तसंच उभं राहिलं. माझ्या अंगात जो राग होता, तो मी संसारात, पगारात, मुलीच्या शाळेत कुठेतरी ठेवून दिला होता. विसरले नव्हते.

आमच्या कंपनीत एक बॉयलर होता आणि त्याच्यावर एक म्हातारे अटेंडंट होते, पूर्वी रेल्वेत बॉयलरचं काम केलेले, खाडीकाठच्या गावातले. मला लेकीसारखं वागवायचे. काच कशी फुंकायची हे मला त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं, केमिस्टला त्याची गरज नसताना. एक दिवस ते म्हणाले, "काय गो पोरी, रविवारी काय करतेस? ठाकुर्लीला एक जुनं इंजिन आहे. आम्ही पाच-सहा जण ते चालू करतोय. बिनपैशाचं काम. पाणी तपासायला कोणी पाहिजे."

मी विचारलं, कुठलं इंजिन. त्यांनी सांगितलं. मी विचारलं, मुख्य कोण आहे. ते म्हणाले, "त्याच कारखान्याचा जुना चार्जमन आहे. लय हुशार माणूस."

मी म्हटलं, येते.

नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, "तू इंजिन दुरुस्त करायला चाललीयेस की माणूस बिघडवायला?" मी म्हटलं, जमलं तर दोन्ही. तो हसला. मी थट्टा करत नव्हते.

पहिल्या रविवारी इंजिन बघितलं तेव्हा मला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. बाबांच्या बोलण्यात ते केवढं मोठं होतं. प्रत्यक्षात ठेंगणं, गंजून विटकरी झालेलं, धुराड्यातून पिंपळाचं रोप वर आलेलं. पितळेचं जे जे हाताला येईल ते लोकांनी काढून नेलं होतं. दोन काचांपैकी एका काचेच्या जागी बाबांच्या वेळेपासूनच नुसती झाकणं ठोकलेली होती. दुसरीचे कॉक मात्र शाबूत होते, कारण कारखाना बंद पडला त्या आठवड्यातच चार्जमनने ते काढून आपल्या घरी नेऊन ठेवले होते. फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळून. ते फडकं त्याने आमच्यासमोर उलगडलं तेव्हा बाकीचे कौतुकाने बघत होते. मी त्या खालच्या कॉककडे बघत होते.

मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. लग्नानंतर आडनाव बदलतं त्याचा मला झालेला हा एवढा एकच फायदा. तो मला मॅडम म्हणायचा, चहा आला की पहिला कप माझ्याकडे द्यायला लावायचा. बारीक अंगाचा, शर्टाच्या खिशात कायम मोजपट्टी, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायची सवय. मला त्याच्यात एखादा दुर्गुण सापडला असता तर बरं झालं असतं. दारू नाही, आळस नाही, हातात कसब होतं. दर रविवारी नवीन काहीतरी खुपावं म्हणून मी बघत राहायचे आणि तो गंजलेला नट अर्धा दिवस रॉकेल घालत, न तोडता, अलगद सोडवायचा. त्याचा त्यामुळे आणखीच राग यायचा.

दोन हिवाळे हे काम चाललं. एक बँकेतला माणूस होता, इंजिनांचं वेड असलेला. परवानग्या, रंग, लोकांच्या गाठीभेटी हे सगळं तो करायचा. दोन रिटायर्ड फिटर होते, त्यांचं एकमेकांशी पटायचं नाही आणि एकमेकांवाचून चालायचंही नाही. आमचे अटेंडंट नळ्या खरवडायचे. मी विहिरीचं, टँकरचं, नळाचं असं सगळं पाणी बाटल्यांत भरून कंपनीत न्यायचे, तपासायचे आणि यातलं कुठलं बॉयलरला चालेल ते सांगायचे. विहिरीचं पाणी इतकं जड, क्षारांनी भरलेलं होतं की तपासताना त्यात घातलेला लाल रंग निळा व्हायला बाटलीभर औषध लागलं. सगळ्यांनी मानलं मला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे मी केलं ते काही अज्ञानातून केलं नाही.

एकदा चहा पिताना मी सरळ विचारलं, "या इंजिनाचं शिसं कधी वितळलं होतं का?"

चार्जमनने चहावर फुंकर घातली. "एकदा. फायरमन हलगर्जी होता."

"काय झालं त्याचं?"

"काय होणार? गेटवर बसवला." आणि तो एका फिटरकडे वळून पिस्टनच्या रिंगबद्दल बोलायला लागला.

हातातला कप त्याच्या तोंडावर फेकावा असं वाटलं. मी तो खाली ठेवला, त्याखाली बशी सरळ केली. त्या दिवशी माझं ठरलं की या माणसाची फजिती नुसती होऊन चालणार नाही, ती चारचौघांत झाली पाहिजे, याच इंजिनावर, आणि ती होताना मी समोर असले पाहिजे. कशी ते मला माहीत नव्हतं. ते त्यानेच दाखवलं.

बॉयलरची टेस्ट इन्स्पेक्टरसमोर पास झाली. आग लावायचा रविवार ठरला. बँकेतल्या माणसाने मांडव घातला, पाहुणे बोलावले. आदल्या शनिवारी दुपारी मी पाण्याचा शेवटचा नमुना घ्यायला गेले तेव्हा बॉयलर भरलेला होता, काच अर्ध्यावर, आणि चार्जमन फूटप्लेटवर, ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात तिथे, एकटाच होता. खालचा कॉक ठिबकत होता.

"थोडं आवळायला लागेल," तो म्हणाला आणि माझ्यासमोर त्याने दोन्ही मुठी आडव्या केल्या. कॉक बंद झाले. मग खालची मूठ काढली, पाना लावला, नट आवळला. पान्याच्या आड मूठ येते म्हणून. बाबांनी सांगितलं होतं अगदी तसंच.

प्रत्येक कॉकच्या टोकाला, मूठ बसते तिथे, एक बारीक खाच कोरलेली असते. आतलं भोक कुठल्या दिशेला आहे ते त्या खाचेवरून कळतं. मूठ खाचेशी जुळवून बसवायची असते. मी म्हटलं, "खाच बघून बसवता ना?"

"खाच शिकाऊ पोरांसाठी, मॅडम," तो म्हणाला. "चाळीस वर्षं झाली. हाताला कळतं." आणि त्याने मूठ चौकोनी टोकावर घातली, तोंड खाली करून, जशी ती नेहमी दिसते तशी. मग वरची मूठ फिरवून खाली केली. वरचा कॉक उघडला. खालचा बंदच राहिला. खाच आडवी होती, माझ्यापासून हातभर अंतरावर. काचेत पाणी अर्ध्यावर होतं आणि हलत नव्हतं.

"बघा, एक टिपूस नाही," तो म्हणाला.

"छान झालं," मी म्हणाले.

खाली उतरताना माझे पाय हलके झाले होते. बाबा खरं बोलत होते. त्याने तेव्हाही असंच केलं होतं, हाच नट, हीच मूठ, हाच माज. माझ्याकडे आता पुरावा होता, आणि उद्या त्याहून चांगलं काहीतरी होणार होतं. आग लागेल, वाफ धरेल, इंजिन पुढे-मागे होईल, काच अर्धी भरलेली दिसत राहील, आणि शिसं वितळेल. पाहुण्यांसमोर. त्याच्या हाताखाली. मग मी वर चढणार होते, मूठ काढून सगळ्यांना खाच दाखवणार होते आणि मी कुणाची मुलगी ते सांगणार होते. वाक्यं तयार होती. वर उभं असलेलं कुणी भाजेल का, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पडला. भाजलं तर तो भाजेल, असं म्हणून मी तो बाजूला सारला. घरी गेले, मुलीचा अभ्यास घेतला, कोथिंबिरीच्या वड्या केल्या. नवऱ्याने विचारलं, आज खुशीत दिसतेस. मी म्हटलं, उद्या आग आहे ना.

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा मांडवात माणसं होती, धुराड्याला हार होता, नारळ फोडून झाला होता. फूटप्लेटवर चार माणसं उभी होती. चार्जमन, आमचे अटेंडंट, बँकेतला माणूस. चौथ्याने जुना निळा डगला घातला होता, डोक्याला टॉवेल गुंडाळला होता, हातात फावडं होतं. ते बाबा होते.

बँकेतला माणूस उत्साहाने मला खाली वाकून सांगू लागला. आग लावायला जुना फायरमन हवा होता, आणि एवढा एकच उरला होता. काल संध्याकाळी चार्जमन स्वतः डोंबिवलीला जाऊन त्यांना घेऊन येण्याचं ठरवून आला. "म्हणाले, जुन्या गोष्टी काय घेऊन बसतोस, पहिली आग तुझ्याच हातची. आणि ते लगेच तयार झाले."

लगेच तयार झाले. एवढी वर्षं मी ज्यांच्या वतीने दात धरून होते ते लगेच तयार झाले. आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, की आता जे होणार होतं ते चार्जमनच्या हाताखाली होणार नव्हतं. पुन्हा बाबांच्या हाताखाली होणार होतं, भरमांडवात. मी माणसं बाजूला सारत इंजिनाकडे निघाले. पायरीवर हात ठेवला, तोंड उघडलं.

बाबांनी फावडं टेकवून ठेवलं होतं. भट्टीकडे त्यांनी बघितलंही नाही. वाकून काचेखालची तोटी उघडली. काचेतलं पाणी बारीक धारेने फूटप्लेटवर सांडलं आणि काच रिकामी झाली. त्यांनी तोटी बंद केली आणि वाट बघितली. पाणी परत वर आलं नाही.

एवढंच. पाच-सात सेकंद. काच फुंकणाऱ्या माणसाला ही उलटी मूठ कळायला तेवढा वेळ पुरतो. मी पायरीवर एक पाय ठेवून उभी होते आणि मला ते कळलं. आमच्या कंपनीच्या बॉयलरवर मी स्वतः शेकडो वेळा काच फुंकली होती. हे मला कधीच कळायला हवं होतं. मी ते कळू दिलं नव्हतं. त्या सकाळी बाबांनी काच फुंकली असती तर शिसं वितळलंच नसतं. त्यांनी ती फुंकली नव्हती. चौकशीत चार्जमनने निम्मं खोटं सांगितलं होतं, आणि घरी येऊन बाबांनी आम्हाला निम्मं खोटं सांगितलं होतं.

बाबांनी मूठ काढली, खाच बघितली. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, अजून तशीच बसवता."

चार्जमन मुठीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आणि तू आता काच फुंकायला लागलास."

दोघंही हसले. मोठ्याने नाही. घरातली एखादी जुनी गोष्ट दोघांनाच माहीत असावी तसं. मांडवातल्या कुणाला काही कळलं नाही. दोघांना सगळं माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. नळावर आई गप्प उभी राहायची तेव्हाही माहीत होतं. मला त्या दोघांनाही पायरीवरून खाली ओढावंसं वाटलं, आधी कुणाला हे ठरवता आलं नाही म्हणून मी तशीच उभी राहिले. माझी तयार वाक्यं आता कुणालाच लागू पडत नव्हती. हाताशी उरलं होतं ते एकच, तेच मी फेकून मारलं.

"मी काल बघितलेलं, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी वळून बघितलं. मी येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. रविवारची मी कुठे जाते हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. "काय बघितलंस?"

"मूठ उलटी बसवताना. माझ्यासमोर बसवली."

"आणि बोलली नाहीस?"

 चार्जमनने पहिल्यांदाच माझ्या खांद्यावरून पलीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "मॅडम तुझी मुलगी?" त्याने बाबांना विचारलं.  अटेंडंटकाका माझ्याकडे बघत होते, ज्यांनी मला काच फुंकायला शिकवली ते, आणि त्यांची नजर मला सोसवेना.

"वर माणसं उभी राहणार, हे माहीत होतं तुला," बाबा म्हणाले.

"हो."

"मी येणार, तेवढंच माहीत नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. मूठ खाचेशी जुळवून बसवली आणि हात पुढे केला. चार्जमनने खिशातली काडेपेटी त्यांच्या हातावर ठेवली. मग माझ्याकडे पाठ करून दोघं खाली वाकले आणि त्यांनी मिळून आग लावली.